जुन्या कॉम्प्युटरचं विंडोज नव्या कॉम्प्युटरवर नेता येतं का? लायसन्सचे प्रकार, तपासणी आणि पूर्ण पद्धत

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातलं चारठाणा हे गाव जुन्या मंदिरांसाठी ओळखलं जातं. तिथल्या एखाद्या सेवा केंद्राचं उदाहरण घेऊ. खरीप पीक विम्याची मुदत संपायला चार दिवस उरलेत, दारात शेतकऱ्यांची रांग आहे आणि सात वर्षं वापरलेला कॉम्प्युटर सुरूच होत नाही. दुरुस्तीवाला खोलून बघतो आणि सांगतो, "मदरबोर्ड गेला. नवं मशीन घ्या, त्यात विंडोज मारून देतो."

केंद्रचालकाच्या मनात साहजिकच प्रश्न येतो: विंडोजचे पैसे तर जुन्या मशीनबरोबर भरलेत, मग तेच विंडोज नव्या मशीनवर का चालू नये? आणि हा "मारून देतो" म्हणतोय, ते विंडोज कुठून येणार आहे?

हा प्रश्न फक्त सेवा केंद्राचा नाही. झेरॉक्सचं दुकान, क्लास, पतसंस्था, मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला घरचा लॅपटॉप, सगळीकडे तो कधीतरी येतो. त्याचं उत्तर आपण विंडोज कशा प्रकारे विकत घेतलं यावर अवलंबून असतं. म्हणजे ते खरेदीच्या दिवशीच ठरलेलं असतं. फक्त आपल्याला ते मशीन बंद पडल्यावर कळतं.

थोडक्यात उत्तर

- लॅपटॉप किंवा ब्रँडेड कॉम्प्युटर विकत घेताना त्यात विंडोज आधीच असेल, तर ते लायसन्स त्याच मशीनशी बांधलेलं असतं. दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही.
- विंडोज वेगळं विकत घेतलं असेल, म्हणजे डबा, कार्ड किंवा मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून, तर ते नव्या मशीनवर नेता येतं. अट एकच: एका वेळी ते एकाच मशीनवर चाललं पाहिजे.
- कंपनी, कॉलेज किंवा सरकारी कार्यालयाच्या लायसन्सवर चालणारं विंडोज हे त्या संस्थेचं असतं. ते आपल्या घरच्या मशीनवर नेण्याचा हक्क आपल्याला नसतो.

आपण नेमकं काय विकत घेतो?

बऱ्याच जणांना वाटतं की विंडोज म्हणजे सीडी, पेनड्राइव्ह किंवा २५ अक्षरांची की. प्रत्यक्षात आपण घेतो ती वापरण्याची परवानगी. सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचंच राहतं, आपल्याला ते ठरावीक अटींवर वापरायला मिळतं. विंडोज बसवण्याची फाइल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून कुणालाही फुकट उतरवता येते. पैसे असतात ते परवानगीचे.

ही परवानगी कुणाला चिकटलेली आहे, यावर सगळा खेळ आहे. गाडीचं उदाहरण घ्या. आरसी बुक गाडीबरोबर जातं. गाडी विकली की ते नव्या मालकाच्या नावावर होतं, पण एका गाडीचं आरसी बुक दुसऱ्या गाडीला चालत नाही. ड्रायव्हिंग लायसन्स मात्र माणसाबरोबर राहतं. गाडी बदलली तरी ते चालतं. लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज आरसी बुकासारखं आहे. वेगळं घेतलेलं विंडोज ड्रायव्हिंग लायसन्ससारखं.

लायसन्सचे तीन मुख्य प्रकार

१. ओईएम. हे कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीला दिलेलं लायसन्स. दुकानात मिळणाऱ्या जवळपास प्रत्येक विंडोज लॅपटॉपमध्ये हेच असतं. विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपच्या पोटाखाली किंवा कॅबिनेटवर २५ अक्षरांच्या कीचा स्टिकर चिकटवलेला असायचा. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हापासून ही की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवली जाते. त्यामुळे लॅपटॉप फॉरमॅट मारून पुन्हा विंडोज टाकलं, तर ते की न विचारता आपोआप चालू होतं. सोय चांगली आहे, पण अर्थ असा की लायसन्स त्या मदरबोर्डबरोबरच राहणार. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपवर दिसणारी "होम सिंगल लँग्वेज" ही आवृत्ती याच प्रकारात येते.

असेंबल कॉम्प्युटर बनवणाऱ्या दुकानदारांसाठीही ओईएमचा एक प्रकार मिळतो. तोसुद्धा ज्या मशीनवर पहिल्यांदा बसवला, त्याच मशीनचा होतो.

२. रिटेल. हे थेट ग्राहकाला विकलं जातं आणि ओईएमपेक्षा महाग असतं. त्याच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे की तुम्ही ते तुमच्याच दुसऱ्या मशीनवर नेऊ शकता. तुम्ही पहिले मालक असाल, तर ते दुसऱ्या व्यक्तीलाही देऊ शकता. मात्र तेव्हा जुन्या मशीनवरून ते काढून टाकावं लागतं.

३. व्हॉल्यूम. मोठ्या संस्थांना एकाच करारात शेकडो मशीनसाठी मिळणारं लायसन्स. यातल्या एका पद्धतीत प्रत्येक मशीन संस्थेच्या सर्व्हरकडून १८० दिवसांसाठी ॲक्टिव्हेट होतं आणि अधूनमधून सर्व्हरशी बोलून ती मुदत वाढवून घेतं. घरच्या मशीनवर या प्रकारचं विंडोज दिसलं, तर काहीतरी गडबड आहे असं समजा. त्याबद्दल पुढे बोलू.

माझ्या मशीनवर कोणतं आहे, ते कसं बघायचं?

मशीन सुरू असतानाच हे बघून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

पहिली पायरी: बिल बघा. बिलावर लॅपटॉपच्या नावातच विंडोजचा उल्लेख असेल, तर ते ओईएम. विंडोजसाठी वेगळी ओळ आणि वेगळी किंमत असेल, तर रिटेल असण्याची शक्यता आहे. असेंबल मशीनच्या बिलावर विंडोजचा उल्लेखच नसेल, तर बहुतेक वेळा लायसन्स घेतलेलंच नसतं.

दुसरी पायरी: सेटिंग्ज बघा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग ॲक्टिव्हेशन. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, मग अपडेट अँड सिक्युरिटी, मग ॲक्टिव्हेशन. इथे आवृत्ती होम आहे की प्रो, ते दिसतं. विंडोज ॲक्टिव्हेट कशाने झालं, की टाकून की डिजिटल लायसन्सने, तेही दिसतं. डिजिटल लायसन्स म्हणजे आपल्या मशीनच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदवलेली असणं. अशा वेळी वेगळी की लागत नाही.

तिसरी पायरी: प्रकार विचारा. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर हे अक्षर एकत्र दाबा. छोटी खिडकी उघडेल. त्यात इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर ही पाच अक्षरं सलग टाइप करा, एक स्पेस द्या, प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा स्लॅश द्या आणि त्याला चिकटून डी-एल-आय टाइप करून एंटर दाबा. काही क्षणांत एक चौकट येते. त्यातल्या वर्णनाच्या ओळीत ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द असतो. खाली कीची शेवटची पाच अक्षरंही दिसतात.

इथे एक फसगत होते. चौकटीत "रिटेल" दिसलं म्हणजे लायसन्स हलवता येईलच, असं नाही. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आलं, तेव्हा विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना एक वर्ष फुकट अपग्रेड देण्यात आलं होतं. अशा मशीनवर मायक्रोसॉफ्टची एक सर्वसाधारण की बसते आणि प्रकार "रिटेल" दिसतो, जरी मूळ विंडोज ७ लॅपटॉपबरोबर आलेलं असलं तरी. ओळखायची खूण अशी: कीची शेवटची पाच अक्षरं प्रो आवृत्तीत "३ व्ही ६ ६ टी" किंवा होम आवृत्तीत "८ एच व्ही एक्स ७" असतील, तर ती सर्वांना सारखी असलेली की आहे, तुमची स्वतःची नाही. मग खरा हक्क मूळ खरेदीवरून ठरतो. मूळ ओईएम असेल, तर अपग्रेडनंतरही ते ओईएमच.

पार्ट बदलले तर लायसन्स जातं का?

रॅम वाढवली, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, ग्राफिक्स कार्ड बदललं, तर लायसन्सला धक्का लागत नाही. फार तर एकदा पुन्हा ॲक्टिव्हेट करावं लागतं.

मदरबोर्ड बदलला की मात्र मायक्रोसॉफ्टच्या दृष्टीने ते नवं मशीन होतं. रिटेल लायसन्स असेल तर ते पुन्हा चालू करता येतं. ओईएम असेल तर साधारणपणे संपलं. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे: मदरबोर्ड खराब झाला आणि कंपनीने त्याच प्रकारचा किंवा समतुल्य बोर्ड बदलून दिला, तर नवं लायसन्स घ्यावं लागत नाही. म्हणून ब्रँडेड लॅपटॉपचा बोर्ड गेला आणि वॉरंटी शिल्लक असेल, तर आधी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करा. बाहेरून जुना-पुराणा बोर्ड टाकला की हा हक्क सांगणं अवघड होतं.

बरेच जण आणखी एक उपाय करून बघतात. जुन्या मशीनची हार्ड डिस्क काढायची आणि नव्या मशीनमध्ये जशीच्या तशी लावायची. अनेकदा विंडोज सुरूही होतं. पण हार्डवेअर वेगळं असल्याचं लक्षात आलं की ॲक्टिव्हेशन जातं. डिस्क हलवल्याने डेटा येतो, लायसन्स येत नाही.

रिटेल लायसन्स नव्या मशीनवर नेण्याची पद्धत

तुमचं लायसन्स रिटेल असल्याची खात्री झाली असेल, तर या क्रमाने जा.

१. बॅकअप घ्या. फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमधले पासवर्ड, टॅलीचा डेटा, सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

२. बिटलॉकरची रिकव्हरी की शोधून ठेवा. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की अनेक मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. ही डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की ४८ अंकी की मागते. ती नसेल तर डेटा तुमचाच असूनही मिळत नाही, आणि कुणी दुरुस्तीवाला तो काढून देऊ शकत नाही. ही की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये डिव्हाइसच्या यादीत सापडते. कागदावर लिहून ठेवा.

३. लायसन्स अकाउंटशी जोडा. जुन्या मशीनवर ॲक्टिव्हेशनच्या पानावर जाऊन मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडा. ही सोय २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून आहे. लॉगिन ॲडमिनिस्ट्रेटरचं हवं. जोडल्यावर त्याच पानावर "लिंक्ड टू युवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट" असं दिसतं. अकाउंटचा ईमेल आणि फोन नंबर तुमच्याच नावावर हवा. दुकानदाराने त्याच्या ईमेलने लॉगिन करून दिलं असेल, तर ते आधी बदला.

४. जुन्या मशीनवरून की काढा. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, त्यावर राइट क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" निवडा. आधीसारखंच एस-एल-एम-जी-आर, स्पेस, स्लॅश, आणि या वेळी यू-पी-के टाइप करा. की निघते. त्यानंतर तसंच स्लॅशपुढे सी-पी-के-वाय टाइप केलं, की रजिस्ट्रीत उरलेली कीसुद्धा पुसली जाते. मशीन पूर्ण बंद पडलं असेल, तर ही पायरी करता येत नाही आणि त्याने अडतही नाही. फक्त ते मशीन पुन्हा त्याच लायसन्सवर चालवायचं नाही.

इथे एक फरक समजून घ्या. टॅली वापरणाऱ्यांना "सरेंडर" माहीत असतं. जुन्या मशीनवर लायसन्स सरेंडर केलं की टॅलीच्या सर्व्हरवर ते मोकळं होतं आणि नव्या मशीनवर चालू करता येतं. विंडोजमध्ये असं सरेंडर नाही. की काढली तरी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला तसा निरोप जात नाही. त्यामुळे नव्या मशीनवर पहिल्या प्रयत्नात नकार येऊ शकतो. घाबरू नका, पुढची पायरी त्यासाठीच आहे.

५. नव्या मशीनवर तीच आवृत्ती टाका. होमची की प्रोवर चालत नाही, प्रोची होमच्या जागी बसवली तर मशीन प्रो होतं. नव्या लॅपटॉपच्या चिपमध्ये आधीच होमची की असेल, तर विंडोज टाकताना ते न विचारता होमच बसवतं. अशा वेळी बसवून झाल्यावर ॲक्टिव्हेशनच्या पानावर "चेंज प्रॉडक्ट की" निवडून आपली की टाका.

६. ॲक्टिव्हेट करा. की असेल तर ती टाका. डिजिटल लायसन्स असेल, तर त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करा, ॲक्टिव्हेशनच्या पानावर "ट्रबलशूट" दाबा आणि "आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रिसेंटली" हा पर्याय निवडा. तुमच्या नावावरच्या मशीनची यादी येईल. त्यातून योग्य मशीन निवडून ॲक्टिव्हेट करा. ट्रबलशूटचं बटण फक्त विंडोज ॲक्टिव्हेट नसतानाच दिसतं. मशीनला आधीच ओळखीचं नाव देऊन ठेवलं असेल, तर या यादीत ते सापडायला सोपं जातं.

अडलं तर काय?

स्क्रीनवर लांबलचक एरर कोड येतो. त्याची शेवटची चार अक्षरं बघा.

- सी ० ० ८: ही की आधीच दुसऱ्या मशीनवर वापरली गेली आहे. जुन्या मशीनवरून ती काढली असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या मदत केंद्राला खरेदीचं बिल दाखवून ॲक्टिव्हेशन मागता येतं.
- एफ ० ५ ०: की चुकीची टाइप झाली आहे किंवा आवृत्ती जुळत नाही.
- एफ २ १ १: हार्डवेअर बदलल्याचं विंडोजच्या लक्षात आलं आहे. ट्रबलशूटचा मार्ग वापरा.
- एफ २ १ ३: या मशीनसाठी लायसन्सच सापडलं नाही.

रिटेलचं बिल जपून ठेवण्याचं महत्त्व इथे कळतं. मदत केंद्रावरच्या माणसाला तुमचा हक्क पटवणारा दुसरा पुरावा तुमच्याकडे नसतो.

लायसन्स ओईएम निघालं तर?

सुरुवातीच्या उदाहरणातल्या सेवा केंद्रात बहुधा हेच होईल. जुनं मशीन ब्रँडेड, विंडोज त्याच्याबरोबर आलेलं, बोर्ड गेलेला, वॉरंटी केव्हाच संपलेली. म्हणजे लायसन्स त्या मशीनबरोबर संपलं. पण डेटा संपलेला नाही. बोर्ड गेला तरी हार्ड डिस्क बहुतेक वेळा चांगली असते. ती काढून यूएसबी केसिंगमध्ये टाकली की नव्या मशीनवर सगळ्या फाइल दिसतात. फिंगरप्रिंट स्कॅनर, प्रिंटर आणि डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर मात्र नव्याने बसवावं लागतं. म्हणून ते कुठून उतरवलं होतं, त्याची यादी आधीच करून ठेवा.

नवं मशीन घेताना तीन मार्ग आहेत.

विंडोजसकट मशीन घेणं. लॅपटॉप किंवा ब्रँडेड डेस्कटॉप घेणार असाल, तर बहुतेकांसाठी हाच सरळ मार्ग. बिलावर विंडोजची आवृत्ती लिहून घ्या. काही स्वस्त मॉडेलवर विंडोजच नसतं, त्यावर "डॉस" किंवा "लिनक्स" असं लिहिलेलं असतं. किमतीतला फरक तिथून येतो.

असेंबल मशीन आणि रिटेल लायसन्स. असेंबल मशीनचे पार्ट वर्षानुवर्षं बदलत राहतात. त्यामुळे इथे रिटेल महाग वाटलं तरी पुढच्या दोन-तीन मशीनपर्यंत कामाला येतं.

लिनक्स. उबंटूसारखी लिनक्स प्रणाली कितीही मशीनवर फुकट टाकता येते. लायसन्स हलवण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे सी-डॅकने बनवलेली बॉस लिनक्स आहे, तिच्यात भारतीय भाषांची सोय आहे. ब्राउझर, टायपिंग, अभ्यास यांसाठी हे पुरतं. पण सेवा केंद्रात वापरायची उपकरणं लिनक्सवर चालतात का, ते आधी तपासा. अनेकांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठीच असतं.

तीनशे रुपयांची की आणि "विंडोज मारून देतो"

ऑनलाइन बाजारात काहीशे रुपयांत विंडोज प्रोच्या की मिळतात. त्यांपैकी बऱ्याच व्हॉल्यूम करारातून बाहेर आलेल्या किंवा भंगारात गेलेल्या मशीनवरच्या असतात. आज चालतात, उद्या मायक्रोसॉफ्टने की बंद केली की पैसे गेले. विकणारे कधी कधी सांगतात की जुनी लायसन्स विकणं युरोपात कायदेशीर आहे. ते अर्धवट खरं आहे. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ ला यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात कायमस्वरूपी लायसन्स पुन्हा विकायला मान्यता दिली, पण मूळ मालकाने आपली प्रत निकामी केली पाहिजे, ही अट घालून. आणि तो निकाल युरोपियन कायद्याचा आहे, भारतातल्या खरेदीला तो आपोआप लागू होत नाही.

फुकट ॲक्टिव्हेटरचा धोका याहून मोठा आहे. हे प्रोग्राम चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे अनोळखी प्रोग्रामला ॲडमिनिस्ट्रेटरचे सगळे हक्क द्यायचे आणि राखणदाराला झोपवायचं. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की केएमएसपिको या प्रसिद्ध ॲक्टिव्हेटरच्या नावाने पसरणाऱ्या बनावट फाइलमधून क्रिप्टबॉट नावाचा चोर प्रोग्राम बसतो. तो ब्राउझरमधली माहिती आणि क्रिप्टो वॉलेट चोरतो. घरच्या लॅपटॉपवर हे झालं तर आपलं नुकसान. सेवा केंद्राच्या मशीनवर झालं, तर ज्या शेतकऱ्यांनी विश्वासाने आधार कार्ड, सातबारा आणि पासबुकचे स्कॅन दिले, त्या सगळ्यांची माहिती धोक्यात येते. त्यांना ते कळणारही नाही.

कायद्याची बाजूही बघा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब नुसार, बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटर प्रोग्राम वापरला तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात नसेल, तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं. ही सवलत दुकानाला किंवा सेवा केंद्राला मिळणं कठीण.

म्हणून कुणी "मारून देतो" म्हटलं, की एकच विचारा: बिलावर विंडोज लिहून देणार का?

जुनं मशीन विकताना किंवा देताना

ओईएम लायसन्स मशीनबरोबरच नव्या मालकाकडे जातं. ते द्यायलाही हरकत नाही, उलट त्याने मशीनला किंमत येते. रिटेल लायसन्स स्वतःकडे ठेवायचं असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे की काढा. दोन्ही वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या यादीतून ते मशीन काढून टाका आणि सेटिंग्जमधल्या रिसेटमध्ये सगळं काढण्याचा पर्याय निवडून ड्राइव्ह साफ करण्याचा पर्यायही चालू करा. नुसत्या फाइल डिलीट केल्या तर त्या परत मिळवता येतात. बंद पडलेलं मशीन भंगारात देताना हार्ड डिस्क काढून घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

"पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड" असं दिसतंय. म्हणजे माझं विंडोज ओरिजिनल आहे ना?
तेवढ्यावरून सांगता येत नाही. ॲक्टिव्हेशन झालं आहे, इतकंच ते सांगतं. काही ॲक्टिव्हेटरही तसंच दाखवतात. खरा पुरावा बिल.

घरच्या मशीनवर "व्हॉल्यूम" असं दिसतंय. काय करू?
मशीन एखाद्या संस्थेकडून आलेलं नसेल, तर ॲक्टिव्हेटर वापरला गेल्याची दाट शक्यता आहे. डेटाचा बॅकअप घ्या, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज उतरवून कोरं बसवा. ब्रँडेड लॅपटॉप असेल, तर त्याच्या चिपमधलं मूळ लायसन्स आपोआप चालू होईल. कित्येकांच्या लॅपटॉपमध्ये पैसे भरलेलं लायसन्स असतं आणि वर दुकानदाराने चोरीचं प्रो टाकलेलं असतं.

विंडोज ७ ची जुनी रिटेल की आहे. तिने विंडोज ११ चालेल का?
नाही. फुकट अपग्रेडची मुदत २९ जुलै २०१६ ला संपली होती, तरी जुन्या की पुढे बरीच वर्षं चालत होत्या. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो मार्गही बंद केला. जी मशीन त्याआधी अपग्रेड झाली, त्यांचं लायसन्स कायम आहे.

विंडोज १० चं रिटेल लायसन्स आता उपयोगाचं आहे का?
आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण ते लायसन्स विंडोज ११ ला चालतं. नव्या मशीनमध्ये टीपीएम २.० आणि किमान ४ जीबी रॅम हवी. जुनं मशीन विंडोज ११ ला चालत नसेल, तर वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे.

ऑफिसचं काय?
त्याचं लायसन्स वेगळं असतं. लॅपटॉपबरोबर मिळालेलं ऑफिस त्याच लॅपटॉपचं. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी भरत असाल, तर जुन्या मशीनवर साइन आउट आणि नव्यावर साइन इन, इतकंच.

मॅकला ही भानगड आहे का?
नाही. मॅकओएस ॲपलच्या मशीनबरोबरच येतं आणि त्या मशीनवरच राहतं. लायसन्स वेगळं विकतच मिळत नाही.

आजच करून ठेवायच्या पाच गोष्टी

१. बिलाचा फोटो काढून स्वतःला ईमेल करा.
२. लायसन्सचा प्रकार आणि आवृत्ती बघून वहीत लिहा.
३. विंडोज आपल्याच अकाउंटशी जोडा आणि मशीनला नाव द्या.
४. बिटलॉकरची ४८ अंकी की कागदावर उतरवा.
५. बॅकअप मशीनच्या बाहेर ठेवा.

मशीन चालू आहे तोवर ही कामं अर्ध्या तासाची आहेत. रांग दारात उभी असताना यातलं एकही काम होत नाही.